जनावरांसहि स्वभाव असतो

घरची शेळी विकली गेली म्हणजे लहान मूल रडतें, आणि घरांतील वडील माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणतो, "उगी, उगी, आपण दुसरी आणूं." हें वाक्य महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत केव्हां ना केव्हां उच्चारलें गेलें असेल. त्यांत दुष्टपणा मुळींच नसतो. बोलणाऱ्याला मुलाचें दुःख हलकें करावयाचें असतें, आणि शेळीचे पैसेहि कोठें तरी लागलेलेच असतात. कित्येकदां त्या मुलाच्याच फीला किंवा पुस्तकांना. तरी पण ह्या समजुतीच्या शब्दांत एक विधान दडलेलें आहे, व तें असें कीं, एक शेळी दुसऱ्या शेळीसारखीच असते. एक गेली तर दुसरीनें तिची जागा भरून निघते. मूल हें मान्य करीत नाहीं. आमच्या मतें ह्या वादांत मुलाचाच पक्ष खरा आहे, आणि तो खरा कां, हें वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्याच भाषेची साक्ष काढूं. मराठींत गाय मारकी असते, ओढाळ असते, पान्हा चोरणारी असते, नाहीं तर लहान मुलानें खालीं बसून कांस धरली तरी न हलणारी गरीब असते. बैल बुजरा असतो, अडेल असतो, नाठाळ असतो. एखादा असा गुणी निघतो कीं, गाडीवानाला डुलकी लागली तरी तो गाडी घराच्याच दारांत आणून उभी करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे मळणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या जोडीविषयीं विचारा; कोणता पाणी पाहून बिचकतो, कोणाला उजवीकडे जुंपलेलें खपत नाहीं, कोणता जोडीदार आल्याखेरीज वैरणीला तोंड लावीत नाहीं, हें तो न थांबतां सांगेल. (जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, वरील विशेषणांपैकीं कांहीं आम्ही शिक्षक वर्गांतील मुलांनाहि लावतों, व तीं चपखल बसतात.) सगळीं जनावरें सारखींच असतीं, तर इतके शब्द भाषेला लागलेच कशाला असते?

परंतु हें ज्ञान सहवासानें येतें, आणि सहवासाला वर्षें लागतात. बैल अनेक वर्षें घरांत राहतो, म्हणून त्याचा स्वभाव सर्वांच्या ओळखीचा होतो. जीं जनावरें आपण थोड्याच काळासाठीं पाळतों, त्यांच्याविषयीं मात्र आपण खुशाल म्हणतों कीं, त्यांना स्वभावच नसतो. मांसासाठीं वाढविलेली कोंबडी आजकाल सुमारें सहा आठवड्यांत विक्रीला जाते. डुक्कर पंधरा वर्षेंहि जगूं शकतें. पण मांसाच्या मोठ्या धंद्यांत त्याचें आयुष्य बहुधा सहा महिन्यांत संपतें. एका छपराखालीं हजारों पक्षी, सर्व एकाच वयाचे, एकाच रंगाचे, आणि दीड महिन्यानें सर्वच नाहींसे. अशा ठिकाणीं राखणदाराला स्वभाव दिसावा तरी कसा? सहा महिन्यांच्या पोराचा स्वभाव त्याच्या आईखेरीज कोणाला सांगतां येतो?

म्हणून ज्या ठिकाणीं हींच जनावरें म्हातारीं होईपर्यंत जगतात, तेथें काय दिसतें हें पाहणें अगत्याचें आहे. अशीं आश्रयस्थानें आतां अनेक देशांत आहेत. तेथें जनावर दुधासाठीं, अंड्यांसाठीं किंवा मांसासाठीं ठेवीत नाहींत. तें आपल्या मरणानें मरेपर्यंत त्याला चारा, पाणी, औषध आणि मोकळी जागा मिळते, इतकेंच. अमेरिकेंतील 'फार्म सँक्चुअरी' ही अशा संस्थांपैकीं एक जुनी संस्था. जीन बाऊर व लॉरी ह्यूस्टन यांनीं ती इ. स. १९८६ मध्यें स्थापिली. त्याच वर्षीं पेनसिल्व्हानिया राज्यांतील लँकेस्टर येथें गुरांच्या बाजारामागें मेलेल्या जनावरांचा ढीग पडला होता, व त्यांत एक मेंढी होती. हीं माणसें जवळ गेलीं, तों तिनें मान उचलली. पशुवैद्याकडे नेल्यावर ती थोड्याच वेळांत उभी राहिली. तिला हिल्डा हें नांव मिळालें, व न्यू यॉर्क राज्यांतील वॉटकिन्स ग्लेन येथील कुरणांत ती इ. स. १९९७ पर्यंत जगली. ढिगावर टाकतेवेळीं ती केवळ 'एक नग' होती, आणि तोहि हिशेबांतून वजा झालेला.

दुसरी गोष्ट एमिली नांवाच्या गाईची. इ. स. १९९५ च्या नोव्हेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील हॉपकिंटन गांवीं कत्तलखान्यांतून तिनें सुमारें पांच फूट उंचीच्या फाटकावरून उडी मारली व ती रानांत पळाली. चाळीस दिवस ती हिंवाळ्यांत मोकळी फिरत होती. हरणांच्या कळपाबरोबर ती दिसली असें लोक सांगत, व कित्येक जण तिच्यासाठीं गवत ठेवूं लागले. शेवटीं शेरबर्न येथील 'पीस ॲबी' या आश्रमानें तिला आपल्याकडे घेतलें. इ. स. २००३ मध्यें ती तेथें वारली, आणि आतां तिचा ब्राँझचा पुतळा तेथें उभा आहे. पुतळ्याचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. आम्हांस आश्चर्य वाटतें तें एवढ्याचेंच कीं, त्या कत्तलखान्यांत गाई पुष्कळ आल्या असतील; फाटक सर्वांना तेवढेंच उंच होतें.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत माल्म्सबरी येथें इ. स. १९९८ च्या जानेवारींत दोन तांबूस डुकरांनीं असाच प्रकार केला. तीं सख्खीं भावंडें होतीं. गाडींतून उतरवीत असतां तीं कुंपणांतून निसटलीं, एव्हन नदी पोहून गेलीं आणि आठवडाभर सर्व देशाच्या वर्तमानपत्रांना पुरून उरलीं. अखेर बहीण आधीं सांपडली. भाऊ आणखी एक दिवस दाद देईना, व त्याला गुंगीचें औषध टोंचून धरावें लागलें. एका दैनिकानें त्यांना विकत घेतलें, आणि पुढें केंट परगण्यांत तीं दोघें बारा वर्षांहून अधिक काळ सुखानें राहिलीं. बहीण इ. स. २०१० मध्यें आणि भाऊ इ. स. २०११ मध्यें मेला. म्हणजे ज्यांचें आयुष्य कांहीं महिन्यांचें ठरलेलें होतें, तीं तेरा-चौदा वर्षांचीं होऊन गेलीं.

येथें सावध वाचक म्हणेल कीं, ह्या तर मायाळू माणसांनीं सांगितलेल्या कथा झाल्या. जो मनुष्य जनावराला नांव देतो, त्याला त्यांत आपल्याच मनाचें प्रतिबिंब दिसतें. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. आश्रयस्थानांच्या माहितीपत्रकांत प्रत्येक बोकड विनोदी व प्रत्येक कोंबडी प्रेमळ असते, तें सर्व आम्हीहि अक्षरशः मानीत नाहीं. परंतु ह्याच केंट परगण्यांत 'बटरकप्स' नांवाचें केवळ शेळ्यांचें एक आश्रयस्थान आहे, व तेथें लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील संशोधकांनीं मायेनें नव्हे, तर मोजून-मापून पाहिलें आहे. त्यांनीं एक पेटी केली. तिच्यांतील खाऊ मिळविण्यासाठीं आधीं दोरी तोंडानें ओढावयाची व मग एक दांडा वर उचलावयाचा. बारा शेळ्यांपैकीं नऊ शेळ्या ही युक्ति शिकल्या. एकीला ती कधींच उमगली नाहीं. उरलेल्या दोघींनीं शिंगांचा उपयोग करून आडवाट काढावयाचा प्रयत्न केला, म्हणून त्यांना परीक्षेंतून वगळावें लागलें! दहा महिन्यांनंतर तीच पेटी पुन्हां पुढें ठेवली, तेव्हां शिकलेल्या शेळ्यांना ती युक्ति आठवत होती. हा प्रयोग इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या कोणी परीक्षेच्या खोलींत पर्यवेक्षण केलें आहे, त्याला हे तीनहि वर्ग ओळखीचे वाटतील.

त्याच ठिकाणच्या शेळ्यांवर इ. स. २०१७ मध्यें आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणती शेळी नवी वस्तु पाहतांच हुंगावयास धांवते, कोणती दूर राहते. कोणती कळपाविना कासावीस होते, कोणती एकटी रमते, हें आधीं टिपून ठेवलें, आणि नंतर त्यांना शिकण्याचीं कामें दिलीं. पाहून भेद ओळखण्याच्या कामांत जास्त चौकस शेळ्या सरस ठरतील, असें आपल्याला वाटेल. झालें उलटें. कमी धडपड्या शेळ्यांनीं तें काम अधिक चांगलें केलें. मागच्या बाकावरील अबोल मुलांच्या पालकांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. आणि इ. स. २०१३ मध्यें असें दिसून आलें कीं, ज्या शेळ्यांचे पूर्वीं हाल झाले होते, त्यांना बऱ्याच काळाच्या चांगल्या निगेनंतर निराशेनें घेरलेलें नव्हतें. अनिश्चित जागेकडे जातांना त्यांच्यांतील माद्या तर इतर माद्यांहून अधिक आशेनें जात. अशी परीक्षा जेथें जनावर वर्षानुवर्षें राहतें तेथेंच घेतां येते. बाजारांत ती घेतां येणार नाहीं.

मेंढरांच्या कळपाला आपण बुद्धिहीनतेचें उदाहरण करून ठेविलें आहे; पण इ. स. २००१ मध्यें बाब्राहम येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, मेंढीला दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखतां येतात, व ते ती दोन वर्षांहून अधिक काळ विसरत नाहीं. मेंढरें सारखीं दिसतात तीं आपल्याला. त्यांना एकमेकांत घोटाळा होत नाहीं.

विद्यार्थ्यांना आणखी एक नांव सांगावेंसें वाटतें. नॉर्वे देशांतील थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासूनच कोंबड्यांचें वेड होतें. कोण कोणाला टोंचते व कोण कोणापुढें मान खालीं घालते, हें ते टिपून ठेवीत. त्यावरून कोंबड्यांतील 'टोंचण्याची उतरंड' त्यांनीं इ. स. १९२२ मध्यें जगापुढें मांडली, आणि आज ती जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यासाठीं त्यांना यंत्र लागलें नाहीं. प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखतां येणें, एवढेंच लागलें. आमच्या शाळेंतील किती तरी मुलांच्या अंगणांत कोंबड्या आहेत. वही मात्र शाळेच्या दप्तरांतच राहते.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. जनावराला स्वभाव आहे असें मानलें, तर मग शेळी विकावयाचीच नाहीं काय? आणि ताटांतील वाटीचें काय? आम्ही कोणाच्या ताटांत डोकावूं इच्छीत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, व आश्रयस्थानांनींहि तो सर्वांसाठीं सुटलेला नाहीं. तीं किती जनावरें ठेवणार? जगांत दरवर्षीं कोट्यवधि जनावरें विकलीं व मारलीं जातात. तेथें जागा कांहीं शेंकड्यांना मिळते. गरीब कुटुंबाला तर शेळी ही अडीअडचणीची ठेव असते, हें आम्ही जाणतों. परंतु विकणें वेगळें, आणि विकल्यावर 'ती कोणीच नव्हती' असें मुलाला पटविणें वेगळें. पहिल्यांत गरज असते. दुसरें असत्य आहे, आणि तें मुलाला कळतें. त्यापेक्षां बापानें सरळ सांगावें: "ती मोठी गुणी होती. आपल्याला पैसे पाहिजे होते म्हणून विकली. मलाहि वाईट वाटतें." मूल रडेल. रडूं द्यावें. ज्याला अशा वेळीं रडूं येत नाहीं त्याच्याकडून पुढें बैलाच्या खांद्यावरील जखम पाहून गाडी थांबविण्याची अपेक्षा आम्ही तरी धरीत नाहीं. जो बैल भितो म्हणून थांबतो, त्याला अडेल समजून पराणी टोंचणारे गाडीवान आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. भित्रा कोणता व अडेल कोणता, हें ओळखण्याची संवय लहानपणींच लागावी लागते.

आपल्याकडे आश्रयस्थानाची कल्पना परकी नाहीं. मुंबईचा पांजरपोळ इ. स. १८३४ मध्यें जमशेटजी जिजीभाई व त्यांचे सहकारी यांनीं स्थापिला, म्हणजे वर सांगितलेल्या अमेरिकेंतील संस्थेच्या दीडशें वर्षें आधीं. लंगड्या, म्हाताऱ्या व टाकून दिलेल्या जनावरांना पोसण्याचें पुण्य आपल्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या केलें आहे. आमची सूचना लहानशी आहे. अशा ठिकाणीं फळ्यावर गाई इतक्या, बैल इतके, वासरें इतकीं, असा आंकडा असतो. त्याच्या शेजारीं एक वही असावी, व तींत प्रत्येकाचें नांव, खूण आणि स्वभाव लिहिलेला असावा. सुटींत आमचे विद्यार्थी हें काम आनंदानें करतील.

मागें एका पांजरपोळांत आम्ही कांहीं मुलांना घेऊन गेलों होतों. तेथील म्हाताऱ्या गुराख्याला लिहितां-वाचतां येत नव्हतें, पण त्याच्याजवळ ती वही तोंडपाठ होती. दावणीवरून चालतां चालतां तो एकेकीचें नांव सांगे: ही जिभेनें कडी काढते, ही मेघ गर्जला कीं थरथरते, ही शेजारणीला सोडून पाणी पीत नाहीं. सहा गाईंचें त्यानें असें सांगितलें. सातवीपाशीं तो थांबला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही कालच आली, गुरुजी. हिचं अजून कळलं न्हाई."