साडूभाऊंची दाढ

गेल्या रविवारी अकलोलीच्या कुंडात, छातीइतक्या गरम पाण्यात बसून मी साडूभाऊंच्या तोंडात डोकावत होतो. "खालची, डावीकडची, शेवटून दुसरी," असे त्यांना सांगायचे होते. पण जबडा वासलेला, त्यामुळे ऐकू येत होते ते "आयई, आईआई" एवढेच. मला दाढा दिसल्या. सगळ्या सारख्या. "कुठे आहे?" मी विचारले. त्यांनी तोंड मिटले आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, "नाही ना दिसत? अहो, पैसे त्याचेच दिलेत!"

गणपती उठले की माझे गुडघे मला अकलोलीला घेऊन येतात, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तानसेचे गढूळ पाणी, रामेश्वराचे देऊळ आणि नाक चिमटीत धरून पायरीवर बसणारी मुंबईची मुले, यांच्यावर मागे लिहून झाले आहे. या खेपेस साडूभाऊ सोबत आले ते दाढ भरून. सकाळपासून त्यांनी ती भरलेली दाढ अंबाडी नाक्यावरच्या चहावाल्याला, वज्रेश्वरीच्या फुलवालीला आणि कुंडातल्या दोन अनोळखी गृहस्थांना दाखवली होती. त्यांपैकी एकाने तर कोरडा करून आपला चष्मा मला देऊ केला.

खरे दुखणे माझे आहे. माझ्या उजव्या दाढेत चांदी आहे, सहावीत असताना भरलेली. आई कुंडावरून घरी गेली की तिची जोडवी काळी पडलेली असत आणि ती चिंचेने घासत बसे. ते पाहून मी असा सिद्धान्त काढला होता की, कुंडात तोंड उघडले तर माझीही चांदी काळी पडेल. त्यामुळे अकलोलीला मी दिवसभर गप्प असे, आणि आईने माझा गैरसमज कधी दूर केला नाही. चांदी पुढे काळी पडलीच. कुंडाचा त्यात काही हात नव्हता.

शिवाय चांदी हे नुसते म्हणण्यापुरते. तिच्यात जवळजवळ निम्मा पारा. त्यात चांदी, कथील, तांब्याची भुकटी कालवलेली. पाऱ्याला आवर घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ साली स्वीकारला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात ठरले की, २०३४ पर्यंत दातांत पारा भरणे जगभर थांबवायचे. आपण ज्याला पांढरे सिमेंट म्हणतो ती बहुतेक वेळा राळ असते, काचेची अतिबारीक पूड घातलेली. निळ्या प्रकाशाखाली काही सेकंदांत कडक होणारी. तिचा मोठा गुण रंग नव्हे, चिकटणे. चांदी चिकटत नाही, ती अडकून बसावी म्हणून दाताचा धडका भागही कोरावा लागे. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाताचे कवच आम्लाने किंचित खरखरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची वाट दाखवली, तेव्हापासून हळूहळू ही कोराकोरी कमी झाली.

एवढे वाचल्यावर मीही आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटले, चांदी काढा आणि मलाही न दिसणारे काहीतरी द्या. त्यांनी आरसा फिरवला, टकटक केले आणि म्हणाल्या, "काका, ही पक्की बसलीये. काढायला गेले तर चांगला दातही जाईल. मोठ्या दाढेत चांदी टिकते हो, पांढऱ्यापेक्षाही जास्त." मी हिरमुसलो. पण सौ.ने विचारलेच, "रंग तरी कोणता आला असता?" बाईंनी सोळा नकली दातांची पट्टी काढली. सौ. लुगड्याच्या दुकानात बसावी तशी पुढे सरकली. "हा नको, फारच पांढरा. तो बघा, पिवळसर, यांच्यासारखा." शेवटी माझ्या दातांचा रंग ठरला 'ए साडेतीन'. सुपारीची कृपा. साडेतीन शहाण्यांच्या इतका जवळ मी आजवर कधी गेलो नव्हतो. (माझी पणजी दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत असे, आणि तेव्हा तेच सवाष्णीला शोभे. तिला ही पट्टी दाखवली असती तर तिने सोळाच्या सोळा नापास केले असते.)

बाईंनी एक गोष्ट मात्र फार चांगली सांगितली. हे पांढरे काम सगळे कोरडेपणावर आहे. कीड पूर्ण काढायची, कडा पक्क्या करायच्या, कापूस नाहीतर रबराचा पडदा लावून जागा कोरडी ठेवायची आणि मग दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यायचे. एक थर कडक झाल्याशिवाय दुसरा नाही. मध्ये लाळेचा थेंब आला तरी चिकटणे बिघडते.

हे मी भिवंडीकडून अकलोलीला येताना आठवत होतो, कारण वाटेत खड्डे भरण्याचे काम चालू होते. खड्ड्यात पाणी होते. ते काढावे असे कोणाला वाटले नाही. कडा सुटलेल्या होत्या, त्या तोडाव्यात असेही नाही. एक माणूस टेम्पोतून खडी ओढत होता, दुसरा फावड्याने थोपटत होता, तिसरा आमच्याकडे बघत होता. थर एकच. पाण्याखाली खडी, खडीवर डांबराचा वास, आणि काम फत्ते. दहा-अकरा मिलिमीटरच्या दाढेसाठी एक बाई हातमोजे घालून पाऊण तास श्वास रोखून बसते, आणि रस्त्याच्या दाढेला कोणी साधे बोळेही लावत नाही! पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डाही रस्त्याच्याच रंगाचा असतो, तोही दिसत नाही, हे साडूभाऊंना सांगितले, तर त्यांना विनोद कळला नाही. ते गाडी चालवत होते.

संध्याकाळी परतताना तोच खड्डा लागला. गाडी आदळली, साडूभाऊंनी गाल धरला आणि "गेली!" म्हणून ओरडले. अंबाडी नाक्यावर गाडी थांबवून मोबाइलच्या उजेडात मी पुन्हा डोकावलो. चहावाल्यानेही डोकावून पाहिले, त्याला आता जागा पाठ होती. दाढ जशीच्या तशी होती. सकाळी टाकलेली खडी मात्र रस्त्याच्या कडेला येऊन पडली होती.