आततायी फटका म्हणजे नक्की काय?

दोस्तांनो, क्रिकेटच्या बातम्यांत एक शब्द हटकून भेटतो. ‘आततायी’! एरवी बोलताना तो आपण फारसा वापरत नाही, पण विजयासाठी थोड्याच धावा हव्या असताना एखादा फलंदाज झेल देऊन परतला, की दुसऱ्या दिवशी छापून येतं, ‘अमुकने आततायी फटका मारून विकेट फेकली.’ गंमत म्हणजे तोच चेंडू दोन हात पुढे पडून सीमेपार गेला असता, तर त्याच बातमीत तोच फटका ‘धाडसी’ ठरला असता!

मग फटका आततायी की धाडसी, हे काय झेल घेणाऱ्यानं ठरवायचं?

तुमच्या गल्लीतही हेच होतं की नाही बघा. दोन ओव्हर, नऊ रन, तीन विकेट शिल्लक. कुणीतरी पुढे सरसावतो, डोळे मिटून बॅट फिरवतो आणि चेंडू थेट फिल्डरच्या हातात. लगेच सगळी टीम ओरडते, ‘अरे, काय गरज होती?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो आउट झाल्यावर विचारतात, आणि तोही ओरडून. चेंडू पडण्याआधी शांतपणे स्वतःला विचारला, तर तोच प्रश्न भलताच उपयोगी पडतो. कसा, ते काही खऱ्याखुऱ्या सामन्यांतून पाहू.

चला १९९६ च्या विश्वचषकात. ९ मार्च, बंगलोर, भारत-पाकिस्तान उपउपान्त्य सामना. भारतानं २८७ धावा केल्या होत्या. षटकं टाकायला उशीर झाल्यामुळे पाकिस्तानला एक षटक कमी, म्हणजे ४९ षटकांत २८८ करायच्या होत्या. पण आमिर सोहेल आणि सईद अन्वर असे काही सुटले, की सगळं स्टेडियम चिडीचूप! अन्वर ४८ वर गेला, तरी सोहेल थांबेना. पंधराव्या षटकात धावफलकावर १ बाद ११३. व्यंकटेश प्रसादला त्यानं ऑफच्या बाजूला सणसणीत चौकार मारला आणि बॅटनं सीमारेषेकडे बोट दाखवल्यासारखं करून त्याला सुनावलं. पुढचाही तिकडेच धाडणार, असा एकंदर आविर्भाव. पुढच्या चेंडूवर त्यानं पुन्हा बॅट फिरवली. चेंडू बॅटला चुकवून ऑफ स्टंपवर! सोहेल त्रिफळाचित ५५.

आता हिशेब करा. पाकिस्तानला हव्या होत्या १७५ धावा, आणि षटकं होती ३४. म्हणजे षटकाला पाचच्या थोड्या वर, आणि हातात नऊ विकेट. बिनधोक एकेरी-दुहेरी धावा काढत गेलं तरी सामना खिशात होता. शिवाय वासिम अक्रम दुखापतीमुळे खेळत नसल्यानं त्या दिवशी सोहेलच कप्तान होता. तो चौकार संघाला हवा नव्हता, त्याच्या रागाला हवा होता. मग प्रसादनं इजाझ अहमद आणि इंझमामलाही टिपलं, आणि पाकिस्तान ३९ धावांनी हरलं. हा फटका आततायीच. तो चुकला म्हणून नव्हे हं! चौकार गेला असता तरी आततायीच म्हणायचा. कारण धावफलकानं तो मागितलाच नव्हता.

पण सगळेच काही रागावून बाद होत नाहीत. १९८७ च्या विश्वचषकातली इंग्लंडची गोष्ट घ्या. ५ नोव्हेंबरला मुंबईत वानखेडेवर भारताशी उपान्त्य सामना. आपल्याकडे मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री असे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज. ग्रॅहम गूचनं त्यासाठी आधी नेटमध्ये स्वीपची घोटून तालीम केली होती. सामन्यात तो गुडघा टेकून स्वीप मारतच राहिला. केल्या ११५ धावा! भारत हरला. स्वीपमध्ये धोका कमी असतो का? मुळीच नाही. चेंडू चुकला तर पायचीत, उंच उडाला तर झेल. पण गूचनं तो धोका आधी मोजला होता.

तीनच दिवसांनी कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर अंतिम सामना. ऑस्ट्रेलियाच्या २५३ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड २ बाद १३५, अगदी झकास स्थितीत. कप्तान माइक गॅटिंग ४१ वर. ऑस्ट्रेलियाचा कप्तान अ‍ॅलन बॉर्डर, जो काही मुख्य गोलंदाज नव्हता, तो स्वतः चेंडू टाकायला आला. त्याच्या पहिल्याच चेंडूवर गॅटिंगनं उलटा स्वीप मारला. चेंडू बॅटच्या कडेला लागला, खांद्यावर आपटला आणि उडून यष्टिरक्षक ग्रेग डायरच्या हातात! इंग्लंड सामना हरलं, तेही फक्त ७ धावांनी.

उलटा स्वीप गॅटिंगला येत नव्हता असं नाही. पण या फटक्याची एक खोड आहे. चेंडू कुठे पडतोय ते नीट दिसायच्या आतच हात आणि बॅट फिरवायला लागतात. म्हणजे गोलंदाजाचा आधी अंदाज आलेला असला तर ठीक. इथे तर बॉर्डरचा पहिलाच चेंडू! तो लेगस्टंपच्या बाजूला आला आणि गॅटिंगला तो मारणं अवघड झालं. एक षटक पाहून मग हाच फटका मारला असता, तर कदाचित आज त्याला कुणी नावं ठेवली नसती.

असाच आणखी एक फटका सगळ्या जगाला माहीत आहे. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात पाकिस्तानला १३ धावा हव्यात, एकच विकेट शिल्लक, गोलंदाज जोगिंदर शर्मा. पहिला चेंडू वाइड. मग एक निर्धाव. मग मिसबाह-उल-हकनं सणसणीत षटकार ठोकला. आता ४ चेंडूंत ६. मिसबाहनं पाहिलं, फाइन लेगचा क्षेत्ररक्षक आत उभा आहे आणि मागची सीमारेषा मोकळी. त्यानं वाकून चेंडू खांद्यावरून मागे उचलला. म्हणजे फटक्यामागे विचार होता बरं का! मग चुकलं कुठे?

या फटक्यात जोर फलंदाजाचा नसतो, गोलंदाजाचा असतो. चेंडू वेगानं आला, की बॅटचा नुसता कोन द्यायचा, तो आपोआप सीमेपार जातो. जोगिंदर होता मध्यमगती. चेंडू हळू आला, उंच उडाला, पण लांब गेलाच नाही. खाली श्रीशांत उभा होता. भारत ५ धावांनी विश्वविजेता! एक चेंडू आधी मिसबाहनं स्वतःच्या ताकदीवर षटकार मारला होता. या चेंडूवर मात्र त्यानं गोलंदाजाची ताकद उसनी मागितली, आणि गोलंदाजाकडे ती नव्हती.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग नुसतं टुकूटुकू खेळायचं का? छे! कधी कधी धोका न पत्करणं हाच मोठा धोका असतो. १८ जानेवारी १९९८, ढाका. पाकिस्तानविरुद्ध ४८ षटकांत ३१५ धावांचं लक्ष्य. तोवर एकदिवसीय सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग कुणीच केला नव्हता. सौरव गांगुलीचं शतक झालं, रॉबिन सिंगनं ८२ काढल्या, तरी शेवटी उरले २ चेंडू आणि ३ धावा. समोर सकलेन मुश्ताक. स्ट्राइकवर संघात नुकताच आलेला आपला पुण्याचा डावखुरा हृषिकेश कानिटकर. एक धाव काढली तर शेवटच्या चेंडूवर दोन हव्यात, म्हणजे सगळं दुसऱ्याच्या गळ्यात. हृषिकेशनं मिडविकेटकडे बॅट घुमवली आणि चौकार! त्या वेळी धावफलकच मोठा फटका मागत होता.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. गोलंदाज तोच, सकलेन. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९९९. चेन्नईचा कसोटी सामना. जिंकायला २७१ धावा हव्यात आणि भारत ५ बाद ८२. सचिन तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागी करून सामना ओढून आणला. मोंगिया ५२ वर अक्रमला उंच मारायला जाऊन बाद झाला. सचिनची पाठ विलक्षण दुखत होती. धावणंसुद्धा कठीण झालेलं. तरी त्यानं सुनील जोशीच्या साथीनं धावसंख्या २५४ पर्यंत नेली. फक्त १७ हव्या होत्या. सकलेनचा चेंडू त्यानं मिडऑफवरून उचलला, पण तो चेंडू उलटा, बाहेरच्या बाजूला वळला. कड लागली, चेंडू आभाळात गेला आणि खाली अक्रम. सचिन १३६.

घराघरांतून एकच सुस्कारा निघाला, ‘काय गरज होती?’

मघाचाच हिशेब इथे लावून बघा. सामन्याचा चौथाच दिवस होता. वेळ भरपूर, हातात चार विकेट. धावफलक म्हणत होता, सावकाश. पण सचिनची पाठ काय म्हणत होती? ती किती वेळ साथ देईल, हे धावफलकावर लिहिलेलं नसतं. पाठ पूर्ण धरण्याआधी चार-पाच मोठे फटके मारून संपवावं, असं कुणालाही वाटेल. मग हा फटका आततायी म्हणायचा का? मला विचाराल तर नाही. फटका चुकला हे खरं, पण रागातून किंवा दिमाखातून तो आलेला नव्हता. आणि दुसरीही बाजू बघा. सचिन गेल्यावर १७ धावा हव्या होत्या आणि तीन विकेट बाकी होत्या. त्या तीन विकेट अवघ्या ४ धावांत पडल्या. भारत १२ धावांनी हरला. एका माणसाचा एक फटका लोकांच्या लक्षात राहतो. पण पराभव अकराजणांचा असतो. चेन्नईच्या प्रेक्षकांना हे सगळं केवढं झोंबलं असेल! तरी त्यांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आजही क्रिकेटवेडी माणसं विसरलेली नाहीत.

शेवटची गोष्ट ज्या फटक्याची आहे, तो फटका मारलाच गेला नाही! २३ ऑक्टोबर २०२२, मेलबर्न, पुन्हा भारत-पाकिस्तान. १६० चं लक्ष्य आणि भारत ४ बाद ३१. विराट कोहलीच्या नाबाद ८२ धावांनी सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. शेवटचा चेंडू, २ धावा हव्यात, आणि रविचंद्रन अश्विन नुकताच फलंदाजीला आलेला. स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं. अशा वेळी कुणीही बॅट फिरवणारच! महंमद नवाझचा चेंडू लेगच्या बाहेर गेला. अश्विननं तो पाहिला आणि शांतपणे सोडून दिला. वाइड! एक धाव फुकट आणि चेंडू तसाच शिल्लक. आता हवी एकच धाव, म्हणून क्षेत्ररक्षक जवळ. अश्विननं पुढचा चेंडू अलगद मिडऑफच्या डोक्यावरून टाकला. सामना संपला!

तेव्हा मंडळी, फटका मारण्याआधी तीन गोष्टी विचारा. धावफलक काय मागतोय? हा फटका मी घोटलाय का, आणि या गोलंदाजाला तो चालेल का? आणि मला तो का मारावासा वाटतोय? तिसऱ्याचं उत्तर ‘त्यानं मला चिडवलं म्हणून’ असं आलं, तर एक चेंडू सोडून द्या. तिन्ही उत्तरं बरोबर असून आउट झालात, तर मान खाली घालू नका. असं होतं. सचिनचंही झालं.

आईबाबांनाही एक विनंती. सामना हरून घरी आलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘असा फटका मारलासच कशाला?’ असं दारातच विचारू नका. पाणी द्या, थोडं थांबा आणि मग विचारा, ‘तेव्हा किती रन हवे होते?’ पहिला प्रश्न ऐकलेलं मूल पुढच्या वेळी बॅट उचलायलाच घाबरतं. दुसऱ्या प्रश्नावर ते आपणहून हिशेब सांगायला लागतं.

आणि हो, या आठवड्याचा गृहपाठ! पुढच्या मॅचमध्ये पाठलाग करताना प्रत्येक ओव्हरनंतर एकानं मोठ्यानं सांगायचं: किती रन, किती चेंडू, किती विकेट. जो आउट होईल, त्यानं ते तीन आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहायचे आणि शेजारी फटक्याचं नाव. महिन्याभरानं ते पान वाचा. कुठला फटका आततायी आणि कुठला धाडसी, ते तुमचं तुम्हालाच कळेल. बातमी वाचायची गरज पडणार नाही!