चेहरा द्या, शिधा न्या

डोंगरीत झाड तोडायचं झालं तर आधी नोटीस लागते. महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष कायदा आहे. जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्ध्याच्या लोकांनी नको म्हटल्यावर आमच्या डोंगरीच्या माथी आली, तेव्हा २०२५ मध्ये हजारो झाडांसाठी अशी सूचना निघाली. लोकांनी हरकतींचे गठ्ठे नेऊन दिले. त्या कुणी वाचल्या, कुणी ऐकल्या, तो भाग वेगळा. विचारलं तरी.

त्याच १९७५ साली, २ ऑक्टोबरला, देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिचंच रूप म्हणजे आपल्या वस्तीतली अंगणवाडी. पन्नास वर्षं झाली. या पन्नास वर्षांत आमच्या लेकराचं वजन घेतलं, उंची घेतली, दंडाचा घेर घेतला. जातीचा प्रवर्ग घेतला. आधार नंबर घेतला. आईचा फोन नंबर घेतला, आईच्या शेवटच्या पाळीची तारीख घेतली, कितवं बाळंतपण ते घेतलं. आता आईचा चेहरा घेतला. हरकती कुणी मागवल्या? कुठल्या भिंतीवर नोटीस लागली? वडाला, करंजाला जो मान आहे तो आमच्या बाईला नाही काय?

शहाणे लोक लगेच म्हणतील, अहो, तुमच्या भल्यासाठीच आहे सगळं. आमच्या भल्यासाठी म्हणून आमच्या घरात शिरणारे लोक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. भलं करणाऱ्याने दारावर टकटक करायला काय हरकत आहे, एवढंच विचारतोय.

ज्यांच्या घरी अंगणवाडीचा शिधा येत नाही त्यांच्यासाठी आधी हे नीट सांगतो. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आणलं. अंगणवाडीच्या ताईने सगळी नोंद मोबाईलवर करायची. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं लेकरू, गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, यांना महिन्याचा शिधा घरी न्यायला मिळतो. १ जुलै २०२५ पासून त्या शिध्याला चेहऱ्याची अट लागली. आधी आधारचं ई-केवायसी: आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो आकडा सांगायचा. मग ताई बाईचा फोटो काढणार. मग दर महिन्याला पाकीट घ्यायला गेलं की पुन्हा मोबाईलपुढे उभं राहायचं, डोळे मिचकवायचे, आणि मशीन म्हणालं हीच ती बाई, की पाकीट मिळणार.

आता आमच्या वस्तीत हे कसं चालतं ते बघा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. नवरा भाईंदर स्टेशनपलीकडे साईटवर, नाहीतर गावाकडं ऊसतोडीला. ओटीपी तिकडं वाजतो, बाई इकडं रांगेत. दहा मिनिटात ओटीपी मेला. डोंगराच्या कुशीत नेटवर्क असं, की दोन काड्या दिसल्या तर लोक आनंदाने ओरडतात. काहींनी जुना नंबर कधीच बंद केलेला. लेकरू कडेवर रडतंय, आणि पाकीट समोर टेबलावर दिसतंय. अशा वेळी त्या बाईला विचारा, बाई, फोटो काढू का? ती काय सांगणार? नको म्हणेल? उपाशी माणसाच्या ‘हो’ला संमती म्हणणारा माणूस एकतर मूर्ख असतो नाहीतर सावकार असतो. सावकार पण असंच म्हणायचा, मी कुठं जबरदस्ती केली, त्याने स्वतः अंगठा दिला.

अंगठ्यावरून आठवलं. माझ्या बहिणीची गोष्ट सांगतो. कुणाचं नाव घेत नाही. एक संस्था आमच्याकडं यायची. मुलांना खेळ, गाणी, राजगिऱ्याचे लाडू. माणसं गोड बोलणारी. भाचा तेव्हा दोन वर्षांचा, हडकुळा, गोवर होऊन गेलेला. त्यांनी त्याला उघडा करून वजनकाट्यावर ठेवला आणि फोटो काढला. वर्षभराने बहीण कामाला जाते त्या घरी भिंतीवर कॅलेंडर लागलं. सप्टेंबर महिन्यावर आमचा भाचा. बरगड्या मोजून घ्या अशा. खाली इंग्रजीत मजकूर, आणि देणगी कुठं पाठवायची तो पत्ता. मालकीणबाई बहिणीला म्हणाल्या, काय गं, तुझं पोर उपाशी असतं का? बहीण तोंड खाली घालून भांडी घासत राहिली. तिला लाज कसली वाटली हे त्या मालकीणबाईला कधी कळणार नाही. तिने पोराला उपाशी ठेवलं नव्हतं. स्वतः अर्धपोटी राहिली होती, पोराला नाही.

आम्ही दोघं त्या संस्थेच्या ऑफिसात गेलो. त्यांनी फाईल काढली. म्हणाले, बघा, तुमची संमती आहे. कागद इंग्रजीत. खाली निळा अंगठा. माझी बहीण सातवी शिकलेली आहे. सही करते, झोकदार करते. तिला कुणी पेन दिलंच नव्हतं, शाईचा पॅड पुढं केला होता. वस्तीतली बाई म्हणजे अंगठा, हे त्यांनी घरून ठरवूनच आणलं होतं. आता सांगा, त्या कागदाला संमती म्हणायचं का जातिव्यवस्थेचा शिक्का म्हणायचं?

मीरा रोडच्या टॉवरांखाली नर्सऱ्या आहेत. तिथं स्नेहसंमेलनाचा फोटो छापायचा तरी आईबापाची सही लागते. बाप साहेब असतो, उद्या वकिलाची नोटीस पाठवेल. तिथं पोराला खासगी आयुष्य असतं. आमच्या पोराला फक्त श्रेणी असते. सॅम, मॅम. बहिणीच्या गल्लीत बाया एकमेकींच्या पोरांना त्याच नावानं ओळखायला लागल्या होत्या: ती बघ, सॅमची आई आली. वजन घेणं चूक नाही. वजन घेतलंच पाहिजे. १९९२-९३ साली आमच्याच ठाणे जिल्ह्यात जव्हारच्या वावर-वांगणीला शंभरावर लेकरं मेली, तेव्हा वेळेवर कुणी वजन घेतलं असतं तर बरं झालं असतं. वजन घ्या, औषध द्या, पण ते चार बायांत ओरडून सांगायचं काय कारण? डॉक्टर साहेबाच्या बायकोचं ब्लडप्रेशर रांगेत ओरडून सांगतो का?

आम्हाला नोंदवह्यांची भीती का वाटते, ते इतिहासात बघा. इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ साली तो वाढवला, त्यात मुंबई इलाखाही आला. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या माणसांची नावं रजिस्टरात, बोटांचे ठसे रजिस्टरात, रोजची हजेरी. आणि त्याच कायद्यात सहा वर्षांवरची पोरं आईबापापासून तोडून सुधारशाळेत टाकायची सोय होती. सुधारणेसाठीच बरं का! भल्यासाठीच! सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तार होती, तीही भल्यासाठीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि पोलिसाची वही चालूच राहिली. ज्यांच्या आज्याचा ठसा चौकीत होता, त्यांच्या नातीचा चेहरा आज सरकारी ॲपमध्ये आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. एक जेरबंद करायला होती, एक खायला घालायला आहे. पण विचारायची पद्धत दोन्हीकडं सारखीच राहिली, म्हणजे न विचारायची.

आणि अंगणवाडी हा शब्द तरी कुठून आला? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. वाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला अनुताई वाघांनी ते काम आयुष्यभर चालवलं. अंगण आमचं, म्हणून अंगणवाडी. अंगणात येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं असतं, आतल्या बाईने या म्हटल्यावर आत यायचं असतं. आताचं ॲप थेट चुलीपर्यंत आणि अंथरुणापर्यंत येतं.

सरकारचं म्हणणं काय, तर बोगस लाभार्थी. चोरी होते, म्हणून चेहरा. ठीक आहे, चोरीचं बोलू. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार घालू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला बजावलं होतं. तरी महाराष्ट्रात घरपोच आहाराची कंत्राटं अशा अटींनी निघाली की बचत गटाच्या बाया दारातच अडाव्यात. २०१६ ची ती सुमारे ६३०० कोटींची कंत्राटं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली. सहा हजार तीनशे कोटी! आता मला सांगा, कडेवर पोर घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई यातले किती कोटी खाणार होती? चेहरा तपासायचाच तर टेंडर उघडताना तपासा. तिथं कॅमेरा लावा. फाईलवर सही करताना साहेबाने दर वेळी डोळे मिचकवून दाखवावेत.

कायदा काय म्हणतो, हेही पाठ करून ठेवा, कारण समोरचा माणूस कायद्याचं नाव घेऊनच दटावतो. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात म्हटलं, लेकराचं आधार काढायचं तर आईबापाची संमती पाहिजे, आणि आधार नाही म्हणून कुठल्याच लेकराला योजनेतून हाकलायचं नाही. २०१९ साली आधार कायद्यात कलम ३-अ आलं, त्यात हेच लिहिलंय. ओळख पटली नाही तरी लेकराचा लाभ तोडता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर हा आहार हक्कच केलाय, भीक नाही. मग काय झालं? ओळख लेकराची मागायची नाही ना, मग आईची मागितली. लेकरू तीन वर्षांच्या आतलं, पाकीट आईच्या हातात, आई मशीनला पटली नाही तर लेकरू उपाशी. लेकराला नाकारलं असं कुठंच लिहिलेलं नाही. लई हुशार लोक आहेत!

आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा? त्याच्या नवव्या कलमात अठरा वर्षांखालच्या पोराच्या माहितीसाठी आईबापाची पडताळलेली संमती पाहिजे असं झोकात लिहिलंय. कंपन्यांना लागू. सरकारी लाभाचं नाव आलं की सातव्या कलमातून सरकार बाहेर. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यातही सरकारी लाभासाठी पोराची माहिती घेताना ही संमती माफ. म्हणजे पोराने मोबाईलवर गेम खेळला तर बापाला विचारणार, आणि पोराची भूक, जात, आजार फाईलीत घालताना नाही विचारणार. ज्याचं पोर गेम खेळतं त्याला कायदा, ज्याचं पोर शिध्यावर जगतं त्याला सूट.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो, नाहीतर आपलेच लोक चुकीच्या माणसावर धावून जातात. अंगणवाडीची ताई आपली दुश्मन नाही. ती बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. तिला पगार नाही, मानधन आहे. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ते निकामी सरकारी मोबाईल परत नेऊन दिले, ॲप मराठीत द्या म्हणून कोर्टात गेल्या. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासएक दिवस संपावर बसल्या. चेहरे भरले नाहीत तर मेमो तिला येतो. वरचा साहेब तिला दमात घेतो, ती बाईला दमात घेते, बाई पोराला. दोन गरीब बायांची रांगेत जुंपून द्यायची आणि आपण वातानुकूलित खोलीत टक्केवारी बघायची, हा जुना खेळ आहे.

जगात दुसरीकडं असं चालतं का? अमेरिकेत १९६५ पासून गरिबांच्या पोरांसाठी हेड स्टार्ट आहे. त्याच्या नियमात, ठरावीक अपवाद सोडले तर, पोराची ओळख पटेल अशी माहिती आईबापाच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. आईबापाला पोराची फाईल बघता येते, चूक असेल तर दुरुस्त करा म्हणता येतं. ती काही रामराज्यं नाहीत. त्याच अमेरिकेत १९६९ साली ओकलंडला ब्लॅक पँथरांनी पोरांना फुकट न्याहारी सुरू केली, तर एफबीआयच्या हूवरला घाम फुटला. पण नियम तरी कागदावर आहे, आणि बाईला तो दाखवता येतो. आपल्याकडं कुठल्या आईने पोषण ट्रॅकरमधलं आपल्या लेकराचं पान बघितलंय? तिच्या पोराचं वजन दिल्लीला माहीत, मंत्रालयाला माहीत, तिला कार्डावर ताईने पेनाने लिहिलं तर माहीत.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. चेहरा जुळो न जुळो, पाकीट त्याच दिवशी हातात पडलं पाहिजे. ओटीपी आला नाही तर वहीत सही घ्या आणि द्या. जे विचारता ते कशाला विचारता, कुणाकडं जाणार, किती वर्षं राहणार, हे मराठीत लिहून भिंतीवर लावा, आणि वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. वजन पडद्याआड घ्या, आकडा आईच्या कानात सांगा. पोराचा उघडा फोटो कुणीही काढायचा नाही, सरकारने नाही, संस्थेने नाही, पुढाऱ्याने तर मुळीच नाही. फोटोला नाही म्हटलं म्हणून लाडू बंद करायचा नाही. आणि आईने मागितलं तर तिच्या लेकराचं पान तिला दाखवायचं.

पुढल्या वजनाच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बाया हे लिहिलेला कागद घेऊन जाणार आहेत. एक पान आहे, मराठीत आहे. ताईला द्यायची एक प्रत, वरच्या ऑफिसात पोच घ्यायची दुसरी. खाली अकरा सह्या झाल्यात. बहिणीची पहिली आहे.