प्रश्न चिपचा नाही

‘गेम कन्सोलचं मेमरी कार्ड कुणाचंही घ्या, आतली चिप सारखीच’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. चिप सारखी असेलही. पण ती वापरली कशी आहे?

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचं मूळ कार्ड १२८ किलोबाइटचं. त्याचे १६ भाग : एक यादीसाठी, उरलेल्या १५ भागांत गेमची माहिती. एका कार्डात याहून जास्त जागा कन्सोलला दिसतच नाही. मग इतर कंपन्यांनी कित्येक पट क्षमता दिली कशी? एकाच कार्डात अनेक ‘पानं’ कोंबली आणि पान बदलायला वर बटण बसवलं. सेव्ह चालू असताना त्या बटणाला बोट लागलं की घोटाळा झालाच म्हणून समजा. प्लेस्टेशन २ च्या काळात सोनीचं कार्ड ८ एमबीचं, तर बाजारात ६४ एमबीची बिनदिक्कत विकली जात.

आमच्या घरातल्या अशाच एका स्वस्त कार्डाने एके संध्याकाळी ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं. भाच्याची सुट्टीभराची मेहनत पुसली गेली. पोर जेवलं नाही त्या रात्री. दोनशे-तीनशे रुपयांची बचत सांगणाऱ्यांनी हेही मोजावं.

मूळ कार्डंही कधीतरी दगा देतात, हे मान्य. म्हणून जुनं कन्सोल बाळगणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती : दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी एक कार्ड लावा आणि जी सेव्ह कॉपी होते तिची प्रत आजच काढून ठेवा.

— एक वाचक