सरकी, सरकार आणि यंत्राचे कान

पैठणच्या नागघाटावर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही कथा आमच्या पैठण तालुक्यात लहान मूलही सांगते. ती भावंडे तिथे शुद्धिपत्र मागायला आली होती, याचा मात्र आपल्याला चटकन विसर पडतो. परवा पाचोडला ही गोष्ट पुन्हा आठवली, ती माझ्या आत्याच्या मोबाईलमुळे.

आत्याला अक्षरओळख नाही. शेती मात्र तिने चाळीस वर्षे स्वतः पाहिलेली. गेल्या पावसाळ्यात कपाशीवर अळी दिसली, तेव्हा नातवाने मोबाईल पुढे धरला. "आज्जी, यालाच विचार." आत्याने विचारले, "सरकीवर आळी पडलीय, काय मारावं?" पडद्यावर अक्षरे उमटली, ‘सरकारवर आळी पडली’. घरात हशा पिकला. दुसऱ्या खेपेला यंत्राने ‘सरकी’ नीट ऐकले, पण उत्तर दिले ते म्हशीला सरकी किती घालावी याचे! आमच्याकडे उभ्या कपाशीलाच सरकी म्हणतात, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. "राहू दे बाबा, ह्याला आपलं बोलणं कळत नाही," एवढेच आत्या म्हणाली. तेव्हापासून ती नातवाला विचारते आणि नातू शाळेतल्या मराठीत यंत्राला विचारतो.

हशा ओसरल्यावर मला मात्र वाईट वाटले. यंत्र ऐकते म्हणजे काय करते? ढोबळमानाने सांगायचे तर आवाजाचे ते अगदी बारीक तुकडे पाडते, त्यांत कोणते ध्वनी असावेत याचा अंदाज बांधते आणि त्यांतून कोणता शब्द जुळण्याचा संभव अधिक, हे पूर्वी पुरवलेल्या बोलण्यावरून आणि मजकुरावरून ठरवते. त्या मजकुरात ‘सरकार’ हजारदा आणि ‘सरकी’ एखाद्याच वेळी आली असेल, तर सरकारच जिंकणार. तेव्हा दोष आत्याच्या उच्चाराचा नाही. यंत्राला शिकवताना कोणाचे बोलणे ऐकवले, हा खरा प्रश्न आहे.

या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. शेतमालाचे बाजारभाव फोनवर नुसते बोलून विचारता यावेत, यासाठी केंद्र सरकारच्या मदतीने मराठीसह सहा भारतीय भाषांत संशोधन झाले आणि त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज टिपले गेले. २०२२ साली केंद्राने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. त्यात ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे गोळा केले गेले. खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी असे तीन गट होते. गरिबांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे निघाले.

काहीजण म्हणतील, बारा कोसांवर भाषा बदलते. यंत्राने कुठे कुठे पुरे पडायचे? लोकांनीच जरा प्रमाण मराठीत बोलावे. हा सल्ला सोयीचा आहे, पण उलटा आहे. ज्याला प्रमाण मराठी सफाईने येते, त्याला बहुधा वाचताही येते; त्याचे यंत्रावाचून फारसे अडत नाही. बोलून काम करणारे यंत्र हवे आहे ते आत्यासारख्यांना, आणि नेमके त्यांच्याचपाशी ते अडखळते. मग इतका खटाटोप कोणासाठी?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. त्याचा आनंद आहेच. पण पाचोडच्या बांधावरची मराठी त्या दर्जाच्या बाहेर उभी राहता कामा नये. गावोगावचे आवाज टिपावेत, ते बोलणाऱ्याला विचारून टिपावेत आणि त्या कामाचा मोबदला त्याच्या हाती पडावा. शेतीचे, किडींचे, आजारांचे गावाकडचे शब्द जाणत्यांकडून लिहून घ्यावेत. ही माणसे फार काळ आपल्यात असणार नाहीत.

ज्ञानदेवांकडे शुद्धिपत्र मागितले गेले, त्याला सातशे वर्षे उलटली. आता यंत्राशी बोलायला आत्याकडे शुद्ध भाषेचा दाखला मागू नये. पुढच्या खेपेला पाचोडला जाताना मी एक कोरी वही नेणार आहे. पेरणीपासून वेचणीपर्यंतचे सारे शब्द आत्याने सांगायचे आणि मी लिहायचे, असे आमचे ठरले आहे.