भाव शेजाऱ्याच्या पाटीवरून नको, आपल्या वहीवरून ठरवा

नाशिकहून सप्तशृंगी गडाकडे जाणारी वाट दिंडोरी आणि वणीवरून जाते. चैत्राची यात्रा आणि नवरात्र या दिवसांत या रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांना उसंत नसते. अशा ठिकाणी सँडविचचे दुकान टाकावे असे आपल्या एखाद्या तरुणाला वाटले, तर त्यात नवल नाही. भांडवल थोडे लागते, काम महिनाभरात हाताला बसते. प्रश्न उरतो तो भावाचा. त्याचे उत्तर बहुधा तयारच असते : "समोरचा चाळीसला देतो, आपणही चाळीसला देऊ." आमच्या मते पुष्कळ दुकाने बुडायला सुरुवात होते ती याच वाक्यापासून.

समोरच्याचे दुकान कदाचित घरचे असेल, त्याला भाडे नसेल. आपल्याला असेल. त्याची पाटी वाचून आपला खर्च कळत नाही. म्हणून आधी वही घ्यावी आणि एका सँडविचचा हिशेब मांडावा. खालचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, ब्रेडचा मोठा पुडा 50 रुपयांना मिळतो आणि त्यात 22 स्लाइस निघतात. दोन्ही टोकांच्या स्लाइस कामी येत नाहीत. उरल्या 20, म्हणजे दहा सँडविच. एका सँडविचला ब्रेड 5 रुपयांचा पडला. बटर 280 रुपयांना अर्धा किलो आणि एका नगाला 10 ग्रॅम धरले, तर 5 रुपये 60 पैसे. बटाटा उकडून सोलल्यावर किलोचा किलो राहत नाही. ती घट धरून 1 रुपया 80 पैसे. काकडी, टोमॅटो, कांदा, बीट मिळून 4 रुपये. चटणी-मसाला 2 रुपये, कागद व नॅपकिन 1 रुपया. बेरीज 19 रुपये 40 पैसे. संध्याकाळी उरलेली चटणी आणि सुकलेला ब्रेड टाकावा लागतो, त्यासाठी पाच टक्के धरले की माल 20 रुपये 40 पैशांना पडला.

चाळीसला विकले तर जवळजवळ निम्मे सुटले, असे वाटते. पण दुकानाचा खर्च अजून यायचा आहे. समजा, भाडे 6 हजार, गॅस व वीज 4 हजार, पोऱ्याचा पगार 9 हजार, किरकोळ 2 हजार आणि मालकाची स्वतःची मजुरी 15 हजार. एकूण 36 हजार. महिन्याचे 26 दिवस, रोज 60 सँडविच धरले तर 1,560 नग होतात. प्रत्येक नगावर 23 रुपयांचा बोजा आला. म्हणजे सँडविच पडले सुमारे साडेत्रेचाळीस रुपयांना! चाळीसच्या भावाने महिनाअखेर मालकाच्या हाती 15 हजारांऐवजी साडेनऊ हजार येतात. पोऱ्याला 9 हजार आणि जोखीम घेणाऱ्या मालकाला साडेनऊ. घरी चटणी वाटणाऱ्या आई-बहिणीची मेहनत तर आपण धरलीच नाही. या दुकानाचा भाव पन्नासच्या खाली ठेवणे परवडणारे नाही.

हा हिशेब करताना दोन चुका होतात. पहिली, नवरात्रातल्या विक्रीवर वर्षभराचे भाडे कबूल करणे. भाडे नेहमी साध्या दिवसांच्या विक्रीवर तोलावे. दुसरी, एकदा केलेला हिशेब वर्षभर तसाच ठेवणे. हा आपला कांदा-टोमॅटोचा मुलूख. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे बाजार जवळ आहेत म्हणून माल नेहमी स्वस्त मिळेल असे नाही. डिसेंबर 2019 मध्ये कांदा किरकोळीत शंभरी ओलांडून गेला होता. जुलै 2023 मध्ये टोमॅटोनेही तेच केले, आणि दोन महिन्यांत तो मातीमोल झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून बटर आणि चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. छोट्या दुकानदाराला हा कर परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच जातो. म्हणून दर महिन्याला वही उघडावी. खर्च उतरला तर गिऱ्हाइकाला एक काप जास्त द्यावा.

खर्च चढला की मात्र आपण भाव न वाढवता बटाट्याची चकती पातळ करतो, बटरऐवजी स्वस्त चरबीचे काहीतरी फासतो. पाटीवर 'बटर सँडविच' तसेच राहते. आमचा खरा आक्षेप इथे आहे. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी 'मुतफ्फिफीन' ही सूरत आपण सर्वांनी ऐकली आहे. तराजूने तोलणाऱ्यालाच ती लागू आहे, तवा-ग्रिलवाल्याला नाही, असे कोणी समजू नये. वर कोरडे धान्य आणि खाली भिजलेले ठेवणाऱ्या विक्रेत्याला हुजूर (स.) यांनी फटकारले होते. उघडपणे पाच रुपये वाढवण्यात लाज नाही. लाज आहे ती गुपचूप कमी देण्यात. गडावर जाणारा भाविक शाकाहारी म्हणून आपल्याकडचे खातो, तो आपल्या शब्दावर. सुरी, फळी, ग्रिल वेगळे ठेवण्याचा खर्चही म्हणून हिशेबात धरावा, तो टाळू नये.

'एवढे महाग कोण घेणार?' असे विचारले जाईल. काही गिऱ्हाइके जातील, हे खरे. पण पन्नासने रोज 45 नग गेले, तरी चाळीसने 60 विकण्यापेक्षा महिन्याला सुमारे चार हजार रुपये अधिक सुटतात. शिवाय अर्ध्या आकाराचे सँडविच कमी दरात ठेवता येते. शाळकरी मुलगा आणि मजूर यांची त्याने सोय होते.

बरकत हलाल कमाईत असते, असे आपण म्हणतो. पण किती कमावले हेच ठाऊक नसेल, तर हलाल काय नि जकात काय, कशाचा हिशेब देणार? चाळीस पानांची वही आणि रोज रात्रीची पंधरा मिनिटे एवढेच यासाठी लागते. दुकानाची पाटी रंगवायला देण्याआधी ती वही भरावी, एवढीच आमच्या तरुण बांधवांना विनंती.