हो म्हणू का?

परवा मावशीचा फोन आला. "अरे, फायरफॉक्समधे ते जाहिराती थांबवणारं टाकतेय. सगळ्या वेबसाइट्सवरची माझी माहिती बघणार म्हणतंय. हो म्हणू का?"

म्हण, म्हटलं. पण प्रश्न डोक्यात राहिला.

२००४ साली फायरफॉक्स १.० आलं, तेव्हा असलं काही विचारण्याची पद्धतच नव्हती. एक्स्टेन्शन एकदा आत घेतलं की त्याला सगळं घर मोकळं. मेनू बदला, टॅब हलवा. पाहुण्याने थेट स्वयंपाकघरात शिरून डबे हवे तसे लावावेत, तसं. मजा होती खरी! पण घरमालकाने एक भिंत हलवली की कुणाचं तरी एक्स्टेन्शन मोडायचं. ब्राउझरचं काम अनेक प्रोसेसमधे वाटायचं ठरलं तेव्हाही हाच अडसर. शेवटी नोव्हेंबर २०१७ मधे, ५७ व्या आवृत्तीत, जुनी पद्धत बंद झाली. आता ठरावीक दारं, आणि आत येताना परवानगी. कित्येक चांगली एक्स्टेन्शन्स त्यात गेली. लोक चिडले, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता.

क्रोमची मॅनिफेस्ट व्ही-३ ही पद्धत मात्र मला पटत नाही. तिथे जाहिराती अडवणाऱ्याने नियमांची यादी आधी द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. सोपं आहे, सुरक्षितही आहे, कारण तुमची पानं त्याला वाचावी लागत नाहीत. पण ऐन वेळी स्वतः बघून अडवण्याची ताकद गेली. यूब्लॉक ओरिजिन मूळ रूपात आता क्रोमवर चालत नाही. फायरफॉक्सने दोन्ही वाटा ठेवल्या आहेत.

माझं मत असं, की सोपेपणा म्हणजे दारं मोजकी असणं आणि प्रत्येकावर स्पष्ट पाटी असणं. जड दार कायमचं चिणून टाकणं म्हणजे सोपेपणा नव्हे. ते उघडायचं की नाही, हे घरात राहणाऱ्याने ठरवावं.

यावर कुणी म्हणेल, मावशीला काय कळतंय त्यातलं? पण फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि माहिती बघून करणार काय ते?"

नेमकं हेच त्या चौकटीत लिहिलेलं नसतं. तेवढं साध्या भाषेत लिहिलं, तर मावशीला मला फोन करावा लागणार नाही.

असो. तसा तिने करावाच म्हणा, एरवी कुठे बोलणं होतं!